फिनिश नसलेलं चामडं

धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडवरच्या कुठल्याही चामड्याच्या दुकानात शिरा, पहिला सवाल ठरलेला: "क्या बनाना है? बॅग, जॅकेट, चप्पल?" 'किताब' म्हटलं की दुकानदार जरा बुचकळ्यात पडतो आणि ढिगातलं सगळ्यात चकचकीत चामडं ओढून काउंटरवर पसरतो. चामड्यातलं पुस्तक म्हणजे कुणाला तरी भेट द्यायचं असणार आणि भेट म्हटली की चकाकी आलीच, असा त्याचा हिशेब. मी म्हणतो, "ये नहीं. बकरी का क्रस्ट दिखाओ, व्हेज टॅन." मग पोऱ्याला माळ्यावर चढवलं जातं.

क्रस्ट म्हणजे कमावलेलं, तेल पाजलेलं, वाळवलेलं, पण वरून काहीच न लावलेलं चामडं. रंग फिकट बदामी, हात फिरवला तर किंचित खरखरीत. बकरी कुठे काटेरी कुंपणात घुसली, कुठे तिला गोचीड लागली, सगळं त्यावर दिसतं. बॅगवाले ते उचलत नाहीत. त्यांच्या लेखी तो अर्धवट माल. पुस्तक बांधणाऱ्याला मात्र असाच अर्धवट माल हवा. टॅनरीत चामड्यावर जितकं जास्त काम झालेलं, तितकं माझ्यासाठी कमी उरतं आणि जे उरतं तेही धड होत नाही. चामड्याच्या फिनिशबद्दल माझं मत बनलंय ते एवढंच.

आमचं दुकान गिरगावात, एका चाळीच्या तळमजल्यावर. वडिलांच्या वेळी रोजचं काम म्हणजे वकिलांचे लॉ रिपोर्ट, कॉलेजांचे प्रबंध, ग्रंथालयांची सुटी झालेली पुस्तकं. जुजबंदी, पुठ्ठा, कापड, की झालं. चामड्याचं काम आलं की भेंडीबाजारात चाचांना निरोप जाई. चाचा जुने जिल्दसाज. दुपारच्या नमाजानंतर पिशवीत रापी, हाडाची पट्टी आणि पितळी ठसे घेऊन येत, चहा घेत आणि मगच चामड्याला हात लावत. वडील त्यांना चाचा म्हणत म्हणून मीही चाचाच म्हणायचो. त्यांचा पहिला धडा अगदी गावठी होता: "बेटा, पहले थूक लगा के देख."

बोट ओलं करून चामड्यावर टेकवायचं. ओल लगेच आत जिरली आणि तिथे काळपट डाग पडला, तर चामडं उघडं आहे. फार तर त्याला पाण्यात विरघळणारा रंग दिलेला असेल. बाजारात याला अॅनिलीन म्हणतात. रंग पारदर्शक, त्यामुळे केसांची छिद्रं, शिरा, जखमांचे व्रण सगळं दिसत राहतं. थेंब वर तसाच गोळा होऊन राहिला, तर वर रंगाचा थर आहे, म्हणजे पिगमेंट फिनिश. या दोहोंमधलं ते सेमी-अॅनिलीन: तिथे थेंब जरा वेळ विचार करतो. यापलीकडे करेक्टेड ग्रेन. खराब कातड्याचा वरचा पापुद्रा सँडपेपरने घासून काढायचा, रंगाचा जाड थर द्यायचा आणि तापलेल्या प्लेटखाली दाबून खोटा दाणा उठवायचा. बाजारातला बराचसा चकचकीत माल या शेवटच्या जातीचा. बुटासाठी, सोफ्यासाठी तो ठीकच. चहा सांडला तर पुसून निघतो. पुस्तकाचं दुखणं वेगळं.

पुस्तकाला सांधा असतो. पाठ आणि पुठ्ठा यांच्यामधली ती अरुंद खाच, जिथून पुस्तक उघडतं. चामडं मुळात पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड. पण पुस्तक सहज उघडावं म्हणून सांध्यावर आणि मुडपलेल्या कडांवर ते आतल्या बाजूने रापीने तासून जवळजवळ निम्मं करतात. तासताना जाते ती आतली, लांब तंतूंची, ताकदीची बाजू. उरतो वरचा नाजूक थर आणि त्याच्यावर टॅनरीचा रंग. पुस्तक उघड-मीट करताना प्रत्येक वेळी तिथेच घडी पडते. वर्षा-दोन वर्षांत रंगाला बारीक भेगा जातात आणि काळ्या पुस्तकाच्या सांध्यावर पांढुरकी रेघ उमटते. गिऱ्हाईक म्हणतं, बाइंडिंग कच्चं निघालं.

अशीच एक ऑर्डर आठवते. एका कंपनीचा सुवर्णमहोत्सवी ग्रंथ. साहेबांनी चामडं स्वतःच पसंत करून पाठवलं: गडद निळं, पिगमेंट फिनिश, वर सिलिकॉनचा हात फिरवलेला, इतका की दुमडलेलं चामडं टेबलावरून आपसूक घसरत होतं. मजकुरावर, फोटोंवर मेहनत घेतलेली दिसत होती. आता पाठीवर सोन्याची अक्षरं हवी होती. ठसा तापवून फॉइल दाबलं. अक्षर उठलं आणि अंगठ्याने पुसल्यावर अंगठ्यालाच लागलं. उष्णता वाढवली तर निळा रंग फुगून फोड आले. अॅसिटोनने पुसून पाहिलं, तर लॅकरसकट रंगही निघाला. शेवटी वकिलांच्या पुस्तकांची जुनी युक्ती कामी आली. बकरीच्या न रंगवलेल्या पातळ चामड्याची पट्टी लाल रंगवली, तिच्यावर अक्षरं उठवली आणि पाठीवर चिकटवली. त्यासाठी पाठीवरचा तेवढाच चौकोन खरवडून उघडा केला. साहेब खूश झाले, म्हणाले, हे डिझाइन कुणाला सुचलं?

खोट्या दाण्याची गंमत निराळी. मोरोक्को म्हणून जे चामडं प्रसिद्ध आहे ते बकरीचं, आणि त्याचा दाणा हाताने उठवलेला. ओलसर चामडं वरची बाजू आत घेऊन दुमडायचं आणि कॉर्क लावलेल्या लाकडी पाटीने ती घडी पुढे-मागे लाटायची. एकाच दिशेने लाटलं तर समांतर रेघा उठतात. आडवं-उभं लाटलं तर चौकटी. चारही दिशांनी लाटलं तर बारीक गोल दाणा. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रॉजर पेनने त्या सरळ रेघांच्या मोरोक्कोवर केलेलं काम आजही संग्राहक शोधत असतात. हा दाणा चामड्याच्याच सुरकुत्यांचा असतो, म्हणून तो भिजला तरी टिकतो. मेंढीच्या स्वस्त चामड्यावर प्लेटने छापलेला दाणा मात्र खळ लावली की सैल पडतो. पुस्तकावर चढवून कडा ओढताना कोपऱ्यांवर तो सपाट होऊन जातो आणि मोरोक्कोच्या वेशातली मेंढी उघडी पडते. ओळखायची आणखी एक खूण आहे: छापलेल्या दाण्याची नक्षी ठरावीक अंतराने हुबेहूब परत येते. निसर्ग इतका शिस्तीचा नसतो.

फिनिशच्या खाली जे आहे ते त्याहून महत्त्वाचं. चामडं कमावलंय कशात? क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची पद्धत ऑगस्टस शुल्त्झने 1884 साली न्यूयॉर्कमध्ये धंद्यात चालेल अशी केली. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये तिचे प्रयोग केले. सालीच्या पाण्यात चामड्याला आठवडेच्या आठवडे मुरावं लागतं, क्रोमचं काम दिवसांत उरकतं. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचं. मऊ, लवचीक, पाण्याला आणि उष्णतेला दाद न देणारं. अडचण तीच. तापलेला ठसा दाबला की वनस्पतीच्या सालीत कमावलेलं चामडं तिथे दबतं, गडद तपकिरी होतं आणि तसंच राहतं. क्रोमचं चामडं दबतं आणि ठसा उचलला की परत वर येतं. रापी लावली तर तासलं न जाता रबरासारखं ताणतं. कापलेल्या कडेला निळसर-करडी छटा दिसली की मी चामडं परत गुंडाळतो. रंगामुळे कड कळत नसेल तर हिराकशीच्या पाण्याचा थेंब टाकतो. सालीत कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं. लोहाशी गाठ पडताच ते निळं-काळं होतं, जुन्या काळी शाई व्हायची तसंच. म्हणून ओल्या चामड्यावर गंजकी रापी किंवा कात्री ठेवायची नाही, हा चाचांचा दुसरा धडा.

पण सालीत कमावलेलं म्हणजे चांगलंच, असंही नाही. यात आपल्या मुलखाचा एक जुना, जरा लाजिरवाणा संबंध आहे. पुस्तकांची चामडी अकाली कुजतात म्हणून लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्‌सने 1900 साली एक समिती नेमली. व्हायकाउंट कॉबम अध्यक्ष, डग्लस कॉकरेलसारखा नाणावलेला बाइंडर सदस्य. त्यांचा सविस्तर अहवाल 1905 मध्ये निघाला. रंगवताना वापरलेलं गंधकाम्ल, गॅसच्या दिव्यांचा धूर, चामडं फार पातळ करणं आणि कमावण्याची चुकीची द्रव्यं, अशी कारणं निघाली. सगळ्यात वाईट ठरली ती हिंदुस्थानातून जाणारी, 'पर्शियन' नावाने विकली जाणारी बकरी-मेंढीची चामडी. काही पुस्तकांवर तर वर्षाच्या आतच ती कुजायला लागलेली आढळली. ती कमावलेली असत तरवडाच्या सालीत. दख्खनच्या माळावर पिवळ्याधमक फुलांनी डवरलेला तरवड आपण सगळ्यांनी पाहिलाय. मद्रास इलाख्यातल्या टॅनऱ्यांत आधी तरवड, मग रंग उजळायला हिरड्याचं पाणी, मग करंजाचं किंवा तिळाचं तेल, असा क्रम असे. तरवडाचं टॅनिन ज्या जातीचं आहे ती हवेतलं आम्ल शोषून घेते आणि चामड्याचे तंतू तुटत जातात. हिरडा दुसऱ्या जातीचा; तो जास्त टिकाऊ. समितीने शिफारस केली ती सुमाकची, तोही हिरड्याच्याच जातीतला. म्हणजे टिकाऊ माल आपल्याच सह्याद्रीत पिकत होता, जहाजं भरभरून बाहेरही जात होता, आणि बदनाम झालं ते आपलं चामडं. आज दक्षिणेत सालीचं काम करणाऱ्या टॅनऱ्या वॅटलची सालही वापरतात. तीही तरवडाच्याच जातीची. म्हणून मी माल घेताना विचारतो, "हिरडा किती, वॅटल किती?" दुकानदाराला अर्थातच ठाऊक नसतं.

कुजण्याचा तो प्रकार पाहायचा तर हायकोर्टाजवळच्या कुठल्याही जुन्या वकिलाच्या चेंबरमध्ये जा. इंडियन लॉ रिपोर्ट्‌सची मुंबई मालिका 1876 ची. तिचे सुरुवातीचे खंड कपाटातून काढले की हाताला, शर्टाला विटकरी पूड लागते. इंग्रजीत याला रेड रॉट म्हणतात. आमच्याकडे 'चामडं उडालं' म्हणतात. 1930 च्या दशकात इंग्रजांनी यावर एक लांब पल्ल्याचा प्रयोग केला: त्याच त्या चामड्यांत बांधलेली पुस्तकं काही लंडनमध्ये ठेवली, काही वेल्समध्ये अॅबरिस्टविथच्या मोकळ्या हवेत. लंडनची आधी कुजली. मुंबईच्या हवेबद्दल मी वेगळं काय सांगू! उडालेल्या चामड्यावर तेल चोळून काही होत नाही. आपल्याकडे लॅनोलिन, मेण आणि सीडरच्या तेलाचं मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या चोळलं गेलं. त्याने चामडं काळं पडतं, चिकट होतं, तंतू काही जुळत नाहीत. मी आता क्लुसेल नावाच्या सेल्युलोजच्या डिंकाचा पातळ हात अल्कोहोलमधून देतो. पूड बसते, इतकंच.

लॉ रिपोर्ट्‌सबरोबर कधीकधी एखादं जुनं इंग्रजी पुस्तक येतं, त्याच्या पुठ्ठ्यावर झाडाची फांदी उमटलेली असते. हा ट्री काफ. वासराच्या गुळगुळीत चामड्यावर पाणी ओतायचं, पुठ्ठे किंचित वाकवून ते मधोमध वाहू द्यायचं आणि त्या ओघावर आधी हिराकस, मग पोटॅशचा क्षार शिंपडायचा. पाण्याच्या वाटेने काळं झाड उगवतं. दिसायला अप्रतिम, पण हिराकशीने हळूहळू चामडं खाल्लेलं असतं. ज्या ठिकाणी फांद्या काळ्याभोर, नेमके तिथेच खड्डे पडलेले दिसतात. ग्लेझिंग त्या मानाने निरुपद्रवी. दूध, अंड्याचा बलक सोडून उरलेला पांढरा भाग, कधी कसायाकडचं रक्तसुद्धा. असा प्रथिनांचा हात चामड्यावर द्यायचा आणि काचेच्या किंवा अकीकाच्या रुळाने जोर लावून घासायचा. घर्षणाने तो थर काचेसारखा होतो. ही चकाकी मला मान्य आहे, कारण तिच्याखाली चामडं दिसत राहतं.

आता माझं स्वतःचं काम. पुस्तकावर चामडं चढलं, वाळलं, की मैद्याची पातळ खळ करायची. नेहमीच्या खळीत किडीसाठी मोरचूद असतं, हिच्यात घालायचं नाही. बोटांनी ती खळ पृष्ठभागावर चोळायची आणि लगेच ओल्या फडक्याने पुसायची. छिद्रं भरतात, वर काही उरत नाही. टॅनरीने जे ड्रमभर रसायनाने केलं असतं ते इथे चमचाभर मैद्याने होतं. मग कागदावर अक्षरं आखून तो कागद पाठीवर चिकटवायचा आणि कोमट ठशांनी कागदावरूनच अक्षरं दाबायची. कागद काढला की सोन्याशिवायचं नाव खोलगट उमटलेलं असतं. व्हिनेगर घालून रात्रभर ठेवलेला, फडक्यातून गाळलेला अंड्याचा पांढरा भाग बारीक ब्रशने त्या प्रत्येक अक्षरात भरायचा. वाळला की दुसरा हात. व्हॅसलिनचं नावाला बोट फिरवायचं, म्हणजे वर्ख बसून राहतो. मग वर्ख. पंखा बंद, दार बंद, मुंबईतल्या मे महिन्यातसुद्धा. ठसा शेगडीवर तापवून ओल्या कापसावर टेकवायचा. जोरात फसफसला तर फार गरम, चामडं जळेल. आवाजच नाही तर सोनं धरणार नाही. हलकं चुरचुरलं की त्याच क्षणी अक्षरावर, सरळ, एकदाच. मनगट हललं तर अक्षर दुहेरी होतं. उष्णतेने अंडं थिजतं आणि सोनं धरून ठेवतं. उरलेला वर्ख फ्लॅनेलने पुसला की नाव तेवढं राहतं. चाचांच्या हाताखाली मी हे शिकलो, तेव्हा त्यांचे डोळे अधू झाले होते, ते ठशाचा आवाज ऐकून सांगत, "अभी नहीं... हां, अब."

हे सगळं उघड्या चामड्यावरच होतं. रंगाच्या थरावर खळ बसत नाही, अंडं मुरत नाही. उघड्या चामड्याचे व्रण मात्र गिऱ्हाइकाला डाचतात. "हा डाग जाईल का?" हा नेहमीचा प्रश्न. तो काट्याचा ओरखडा आहे, बकरी जिवंत असतानाच भरून आलेला, हे ऐकून कुणाला बरं वाटतं, कुणाला नाही. ज्ञानेश्वरी चामड्यात बांधून हवी, असा निरोप मुलगा आणतो आणि दुसऱ्या दिवशी आईचा फोन येतो: "देवाच्या पोथीला कातडं नको हो." मग गुळेदगुड्डच्या खणाचं कापड काढतो; सुरेख दिसतं ते. उलट, कुराण बांधायला आणणारे आधी खात्री करून घेतात की चामडं बकरीचंच आहे ना; बाजारात अस्तरासाठी डुकराचंही चामडं मिळतं, म्हणून ती खात्री रास्तच आहे.

मात्र सगळ्यात जास्त मागणी आहे ती 'लेदर फील'ची. पीयू म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा थर. हॉटेलांची मेनूकार्डं, लग्नाचे अल्बम, डायऱ्या सगळीकडे तेच. स्वस्त आहे, एकसारखं आहे, फॉइल झकास उठतं. पण मुंबईच्या दमट हवेत तो थर तीन-चार वर्षांत चिकट होऊन पापुद्रे सोडतो. त्यापेक्षा चांगलं बुकक्लॉथ कितीतरी बरं, असं मी सांगतो, ऐकणारे थोडे. पावसाळ्यात खऱ्या चामड्याबद्दलही फोन येतात: पांढरं पांढरं आलंय, बुरशी लागली. मी आधी हेअर ड्रायर आहे का विचारतो. गरम हवेने पांढरं विरघळून गायब झालं तर ते चामड्यातलंच तेल वर आलेलं आहे, मऊ फडक्याने पुसा. नाही विरघळलं तर बुरशी, पुस्तक माझ्याकडे आणा, आणि तोवर शेजारची पुस्तकं दूर ठेवा.

सध्या टेबलावर एका वकिलाचे जुने खंड आहेत. निम्म्यांचं चामडं अजून शाबूत, बाकीच्यांचं उडालेलं. नव्या पाठी जुन्यांशी जुळल्या पाहिजेत, म्हणून क्रस्टला फिकट तपकिरी रंगाचे पातळ हात देत देत जवळ आणतोय. ओलं असताना जुळलेला रंग वाळल्यावर नेहमी उजळतो, त्यामुळे कापलेल्या तुकड्यांवर रोज एक छटा वाढवून पाहतो. वकीलसाहेबांना चकाकी हवी आहे. त्यांनी बुटाचं पॉलिशही सुचवून झालं. सोमवारी ते येतील तेव्हा एका खंडाची अर्धी पाठ मेणाने घासलेली आणि अर्धी तशीच ठेवून दाखवणार आहे. चकाकती बाजू पसंत पडली तर उरलेल्या पाठींना मेण लावायला मला एक दुपार पुरे.